वातानुकूलक : दोषनिदान व देखभाल

बंदिस्त जागेतील हवेचे तापमान, आर्द्रता, स्वच्छता व अभिसरण यांवर एकाच वेळी नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्राला वातानुकूलक म्हणतात. त्याच्या कार्यात बिघाड झाला असता लक्षणे व मापने यांवरून बिघाडाचे मूळ कारण ठरविणे याला दोषनिदान, तर बिघाड होऊच नये म्हणून ठराविक काळाने करावयाची तपासणी व साफसफाई यांना देखभाल असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत घरे, दुकाने व लहान कार्यालये यांत वापरल्या जाणाऱ्या, खिडकीत बसविण्याच्या व स्प्लिट प्रकारच्या वातानुकूलकांचा प्रामुख्याने विचार केला आहे.

आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ १९०२ मध्ये झाला, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेतील ओलाव्यामुळे कागद कमीजास्त प्रसरण पावत असे व रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट जुळत नसत. विलिस कॅरिअर या अभियंत्याने त्यावर उपाय म्हणून हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा योजिली. म्हणजे हवा थंड करणे हा या यंत्राच्या कार्याचा केवळ एक भाग असून ओलावा काढून टाकणे हे तितकेच महत्त्वाचे कार्य आहे. दोषनिदान करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कारण खोली थंड असूनही दमट वाटत असेल, तर तोही दोषच होय.

कार्यतत्त्व : वातानुकूलकातील प्रशीतक हा सहज बाष्प होणारा द्रव बंद नळ्यांतून सतत फिरत असतो. व्यवहारात त्यालाच ‘गॅस’ म्हणतात. संपीडक म्हणजे कॉम्प्रेसर प्रशीतकाच्या बाष्पाचा दाब व तापमान वाढवितो. बाहेरच्या बाजूस असलेल्या संघनकात हे बाष्प उष्णता बाहेरील हवेस देऊन द्रवरूप होते. केशनलिका किंवा प्रसरण झडप यांतून जाताना द्रवाचा दाब एकदम कमी होतो व आतील बाजूच्या बाष्पित्रात, म्हणजे कारागिरांच्या भाषेत कूलिंग कॉइलमध्ये, तो खोलीतील उष्णता शोषून पुन्हा बाष्प होतो. या मंडलात प्रशीतक खर्च होत नाही. यंत्र निर्दोष असेल, तर कारखान्यात भरलेला प्रशीतक यंत्राच्या संपूर्ण आयुष्यभर पुरतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : प्रशीतक कमी झाला असेल, तर तो कोठून तरी गळाला आहे. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

यंत्राची क्षमता टन या एककात सांगतात. एक टन म्हणजे सु. ३·५ किलोवॉट इतक्या दराने उष्णता काढून टाकण्याची क्षमता. २४ तासांत एक टन बर्फ वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेवरून हे एकक आले आहे.

तपासणीचा क्रम : अनुभवी तंत्रज्ञ प्रथम दाबमापक जोडीत नाही. वापरणाऱ्याची तक्रार ऐकणे, यंत्र कधीपासून व कोणत्या वेळी बिघडते हे विचारणे, मग पाहणे, ऐकणे व हाताने चाचपणे हा पहिला टप्पा होय. त्यानंतर हवेचा प्रवाह, मग विद्युत् मंडल व सर्वांत शेवटी प्रशीतक मंडल तपासावे. या क्रमामागे कारण आहे. हवेच्या प्रवाहातील दोष सर्वांत अधिक आढळतात व ते दूर करण्यास खर्च जवळजवळ येत नाही. उलट, प्रशीतक मंडलाला दाबमापक जोडताना दर वेळी थोडा प्रशीतक बाहेर जातो आणि हवा किंवा ओलावा आत शिरण्याचा धोका निर्माण होतो. लहान यंत्रात प्रशीतकाची एकूण मात्रा अल्प असल्याने अनावश्यक जोडणीमुळेच नवा दोष उत्पन्न होऊ शकतो.

यंत्र १५ मिनिटे चालल्यावर आत शिरणारी व बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानांतील फरक साध्या तापमापकाने मोजावा. तो सामान्यतः ८° ते १२° से. असतो. दमट हवेत यंत्राची बरीचशी शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होत असल्याने हा फरक कमी पडतो; तो दोष समजू नये. फरक योग्य असूनही खोली थंड होत नसेल, तर दोष यंत्रात नसून खोलीत असण्याचा संभव अधिक असतो. उदा., यंत्राची क्षमता अपुरी असणे, पश्चिमेच्या भिंतीवर वा गच्चीवर ऊन पडणे, दारे-खिडक्यांच्या फटी, माणसांची वा उपकरणांची वाढलेली संख्या इत्यादी.

हवेच्या प्रवाहातील दोष : आतील जाळी म्हणजे फिल्टर धुळीने भरल्यास बाष्पित्रावरून पुरेशी हवा जात नाही. प्रशीतकाला उष्णता न मिळाल्याने त्याचे तापमान गोठणबिंदूखाली जाते व कॉइलवर बर्फ साचू लागतो. बर्फामुळे प्रवाह आणखी घटतो व दोष आपोआप वाढत जातो. अशा वेळी बर्फ टोकदार वस्तूने खरवडू नये. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमागील नळीला छिद्र पडते. संपीडक बंद ठेवून केवळ पंखा चालवावा व बर्फ वितळू द्यावा. पंख्याच्या पात्यांवर चिकटलेला धुळीचा थर, पंख्याच्या चलित्राचा मंदावलेला वेग ही कारणेही तपासावीत.

बाहेरील संघनकाची स्थिती तितकीच महत्त्वाची असते. त्यावर धूळ, कापसाचे तंतू, पक्ष्यांची पिसे वा घरटी यांमुळे हवा अडली, तर संघनन तापमान वाढते, संपीडकाला अधिक विद्युत् शक्ती लागते व अखेरीस संरक्षक स्विच त्याला बंद करतो. दुपारी बंद पडणारे व रात्री सुरळीत चालणारे यंत्र हे या दोषाचे नेहमीचे लक्षण होय. संघनक धुताना पाण्याचा झोत पात्यांना समांतर व शक्यतो आतून बाहेर मारावा. तिरप्या व जोरदार झोताने पाती वाकून मार्ग बंद होतात. बाहेरील भाग बंद गाळ्यात बसविल्यास त्याने सोडलेली गरम हवाच तो पुन्हा ओढून घेतो. अशा ठिकाणी साफसफाईचा उपयोग होत नाही, जागाच बदलावी लागते.

पाणी ठिबकणे : बाष्पित्रावर जमा होणारे पाणी पन्हाळीतून व निचरा नळीतून बाहेर जाते. नळीत शेवाळ व धुळीचा चिखल साचणे, नळीचा उतार उलटा असणे, खिडकीतील यंत्र बाहेरच्या बाजूस पुरेसे कललेले नसणे किंवा थंड नळीवरील उष्णतारोधक वेष्टन फाटणे यांमुळे पाणी खोलीत ठिबकते. कॉइलवर बर्फ साचून वितळल्यानेही पाणी गळते. तेव्हा केवळ नळी साफ करून थांबू नये.

विद्युत् मंडलातील दोष : प्रथम यंत्र चालू असताना पुरवठ्याचा विद्युत् दाब मोजावा. यंत्र बंद असताना २३० व्होल्ट दाखविणारा पुरवठा संपीडक सुरू होताना बराच खाली येत असेल, तर बारीक तारा, सैल जोडणी किंवा जळालेले स्विच यांचा संशय घ्यावा. सैल जोडणीच्या जागी तारेचे वेष्टन काळवंडलेले आढळते.

संपीडक गुणगुणतो पण सुरू होत नाही, हे नेहमीचे लक्षण आहे. याची कारणे तीन : कमी विद्युत् दाब, निकामी धारित्र अथवा आतून अडकलेला संपीडक. यांपैकी धारित्राचा म्हणजे कपॅसिटरचा दोष सर्वांत जास्त आढळतो. मोजलेली धारिता लिहिलेल्या मूल्यापेक्षा सु. ६ टक्क्यांहून अधिक कमी असल्यास ते बदलावे. नवे धारित्र तितक्याच मायक्रोफॅरडचे असावे व त्याचा मान्य विद्युत् दाब मूळ धारित्रापेक्षा कमी नसावा. पुरवठा बंद केल्यावरही धारित्रात विद्युत् भार शिल्लक राहतो. म्हणून हात लावण्यापूर्वी तो योग्य रोधकामार्फत काढून टाकावा. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्याची रूढ पद्धत धोकादायक आहे.

एककला संपीडकाच्या गुंडाळ्या ओहममापकाने तपासतात. सामाईक, चालू व आरंभ अशा तीन अग्रांपैकी चालू व आरंभ यांमधील रोध हा उरलेल्या दोन रोधांच्या बेरजेइतका असतो. उदा., सामाईक व चालू यांमध्ये २ ओहम आणि सामाईक व आरंभ यांमध्ये ५ ओहम रोध असेल, तर चालू व आरंभ यांमध्ये तो ७ ओहम यावा. कोणतेही अग्र व संपीडकाचे कवच यांमध्ये विद्युत् वहन होता कामा नये. चालू व आरंभ यांमध्ये रोध बरोबर आहे, परंतु सामाईक अग्राकडे मंडल खंडित दिसते, असे आढळल्यास संपीडक जळाला असे लगेच ठरवू नये. पुष्कळ संपीडकांत आतच तापसंरक्षक स्विच असतो. तो अतितापाने उघडलेला असतो व संपीडक थंड होईपर्यंत पुन्हा जुळत नाही. यास काही तास लागू शकतात. या एका चुकीने चांगला संपीडक काढून टाकला जातो व ग्राहकावर यंत्राच्या सर्वांत महागड्या भागाचा खर्च विनाकारण पडतो.

केशनलिका असलेल्या यंत्रात संपीडक थांबल्यावर दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यास काही मिनिटे लागतात. त्यामुळे यंत्र बंद केल्यावर निदान तीन मिनिटे ते पुन्हा सुरू करू नये.

इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रांत संपीडकाची गती आवश्यकतेनुसार बदलते. त्यांतील इलेक्ट्रॉनीय पट्टावर, म्हणजे पीसीबीवर, प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिशीकरण होऊन ३०० व्होल्टपेक्षा अधिक एकदिश दाब तयार होतो व पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटे टिकतो. या यंत्रांत दाखविला जाणारा दोषसंकेत हा निदानाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. तापमान संवेदकाचा संकेत आल्यास संवेदकाचा रोध निर्मात्याच्या कोष्टकाशी ताडून पाहावा. पट्ट बदलण्यापूर्वी जोडण्या, ओलावा, मुंग्या आणि पाली यांची तपासणी करावी. पालीमुळे मंडलसंक्षेप होऊन पट्ट जळणे ही आपल्याकडे नित्याची बाब आहे.

प्रशीतक मंडलातील दोष : केवळ एका दाबावरून निदान करणे ही सर्वांत अधिक होणारी चूक आहे. प्रशीतकाच्या प्रत्येक दाबाला एक ठराविक उत्कलन तापमान असते. त्यास संपृक्त तापमान म्हणतात. बाष्पित्रातून बाहेर येणाऱ्या नळीचे तापमान संपृक्त तापमानाहून जितके अधिक असते, त्यास अतितापन म्हणतात. ते साधारणपणे ५° ते ८° से. असावे. बाष्पित्रातील द्रव वेळेवर संपतो की नाही, हे त्यावरून कळते.

उदाहरणार्थ, आर-२२ हा प्रशीतक असलेल्या यंत्राचा चूषण दाब प्रतिचौरस इंचास ७० पौंड असेल, तर संपृक्त तापमान सु. ५° से. येते. नळीचे तापमान १२° से. असल्यास अतितापन ७° से. होते व यंत्र निर्दोष ठरते. आता दाब ४५ पौंडांपर्यंत उतरला, असे समजा. या दाबाला संपृक्त तापमान सु. -५·५° से. असते. नळीचे तापमान १८° से. आढळल्यास अतितापन २३° से. हून अधिक आहे. म्हणजे बाष्पित्रात द्रव पुरेसा पोहोचत नाही. प्रशीतक कमी आहे किंवा केशनलिका वा शोषक-गाळणी तुंबली आहे. परंतु त्याच ४५ पौंड दाबाला नळीचे तापमान -२° से. असून तिच्यावर बर्फ जमला असेल, तर अतितापन केवळ ३·५° से. आहे. येथे द्रव भरपूर आहे, त्याला उष्णताच मिळत नाही. दोष फिल्टरचा किंवा पंख्याचा आहे. दोन्ही वेळा दाबमापक तोच आकडा दाखवितो. दुसऱ्या स्थितीत ‘दाब कमी आहे’ म्हणून प्रशीतक भरल्यास न उकळलेला द्रव संपीडकात शिरतो, वंगण धुऊन नेतो व झडपा मोडतो. शंभर रुपयांत दूर होणारा दोष अशा रीतीने संपीडकाचा नाश करतो.

प्रशीतक कमी असणे व मार्ग तुंबणे यांतील भेद संघनकाच्या बाजूस दिसतो. संघनकातून बाहेर पडणारा द्रव संघनन तापमानाहून जितका अधिक थंड असतो, त्यास अवशीतन म्हणतात. प्रशीतक कमी असल्यास अवशीतन घटते, तर मार्ग तुंबल्यास द्रव संघनकात साचून ते सामान्यतः टिकते किंवा वाढते. शोषक-गाळणीच्या दोन टोकांच्या तापमानांत हाताला जाणवेल इतका फरक असणे हे तुंबल्याचे खात्रीचे चिन्ह होय.

गळती व पुनर्भरण : गळतीच्या जागी प्रशीतकाबरोबर तेल झिरपते व त्यावर धूळ बसते; म्हणून तेलकट डाग प्रथम शोधावेत. स्प्लिट यंत्रात नळीच्या फुलविलेल्या टोकाची जोडणी, म्हणजे फ्लेअर नट, ही गळतीची नेहमीची जागा असते. मंडलात कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने जोडण्या तपासतात. या कामी ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखालील ऑक्सिजन व तेल यांच्या संयोगाने स्फोट होतो. डाखकाम करताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडल्यास आत काळी पूड धरत नाही; एरवी तीच पुढे केशनलिका बुजविते.

गळती दुरुस्त झाल्यावर निर्वात पंपाने मंडल रिकामे करावे. दाब ५०० मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या ०·५ मिमी. पर्यंत उतरला, की सामान्य तापमानालाही आतील पाणी उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावर दाब वाढून काही पातळीवर थांबला, तर ओलावा शिल्लक आहे आणि तो सतत वाढत राहिला, तर गळती शिल्लक आहे. प्रशीतक सोडून हवा ‘ढकलून’ काढण्याच्या पद्धतीने ओलावा जात नाही. त्यापासून आम्ले तयार होऊन गुंडाळ्यांचे वेष्टन सडते. आर-४१०ए व आर-३२ यांच्याबरोबर वापरले जाणारे एस्टर तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून नव्या यंत्रांत ही काळजी अधिक आवश्यक ठरते. भरण वजनकाट्यावर, पाटीवर दिलेल्या मात्रेइतकेच करावे. आर-४१०ए हे दोन प्रशीतकांचे मिश्रण असल्याने ते द्रवरूपातच सिलिंडरबाहेर काढावे लागते; अन्यथा मिश्रणाचे प्रमाण बदलू शकते.

प्रशीतक व पर्यावरण : ओझोन थराचा नाश करणाऱ्या द्रव्यांवर १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये निर्बंध आले. आर-२२ याच वर्गात मोडत असून विकसनशील देशांत त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपुष्टात आणावयाचा आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी २०४० पर्यंत अल्प सवलत आहे. आर-४१०ए ओझोनला अपायकारक नाही; परंतु १०० वर्षांच्या अवधीत त्याची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या २,०८८ पट आहे. आर-३२ च्या बाबतीत ती ६७५ पट, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनच्या बाबतीत अत्यल्प आहे. अशा तापक प्रशीतकांचा वापर घटविण्याविषयीच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. एक किग्रॅ. आर-४१०ए हवेत सोडणे म्हणजे दोन टनांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड सोडण्यासारखे होय. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी प्रशीतक पुनर्प्राप्ती यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घेणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य ठरते. सिलिंडर त्याच्या आकारमानाच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक द्रवाने भरू नये.

ज्वलनशीलता व सुरक्षितता : आर-३२ सौम्य ज्वलनशील, तर प्रोपेन तीव्र ज्वलनशील आहे. हवेत सु. १४ टक्के आर-३२ असल्यास मिश्रण पेट घेऊ शकते, प्रोपेनला सु. २ टक्केच पुरतात. एक किग्रॅ. आर-३२ हे ३० घ.मी.च्या खोलीत सर्वत्र सारखे पसरल्यास प्रत्येक घनमीटरात केवळ ३३ ग्रॅ. येते व ज्वलनाची मर्यादा सु. ३०० ग्रॅ. आहे. परंतु गळतीच्या तोंडाशी व जमिनीलगत ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि तंत्रज्ञाचा हात व ज्योत नेमकी तेथेच असतात. दोन्ही प्रशीतके हवेपेक्षा जड असून त्यांना वास जवळजवळ नसतो. म्हणून प्रशीतक पूर्णपणे काढून व मंडल नायट्रोजनने धुऊन मगच ज्योत पेटवावी. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आर-२२ साठी बनविलेल्या यंत्रात प्रोपेन भरणे हा प्रकार अत्यंत घातक आहे, कारण त्या यंत्राचे स्विच व जोडण्या ज्वलनशील वायूचा विचार करून बनविलेल्या नसतात. आर-३२ चा दाबही आर-२२ च्या सु. दीडपट असल्याने जुने दाबमापक व रबरी नळ्या चालत नाहीत. उंच इमारतींच्या बाह्य भिंतीवरील भागावर काम करताना सुरक्षा पट्टा मजबूत आधारास बांधणे अपरिहार्य आहे. ग्राहकाच्या घाईपोटी हा नियम मोडू नये.

हवामानानुसार दक्षता : मुंबई, कोकण व गोवा येथील खारट, दमट हवेत ॲल्युमिनियमची पाती व तांब्याच्या नळ्या लवकर गंजतात. तेथे बाहेरील कॉइल गोड्या पाण्याने वारंवार धुणे व संरक्षक लेप दिलेली कॉइल वापरणे हितावह असते. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते व संघनन तापमान ६०° से. पर्यंत चढू शकते. तेथे संघनकाची स्वच्छता व त्यावरील सावली यांना विशेष महत्त्व येते.

नियतकालिक देखभाल : ऐन हंगामात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा, हे काम वापरणाऱ्यानेच करावयाचे आहे. उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दोन्ही कॉइल, निचरा नळी, पंखे, विद्युत् जोडण्या व भूसंपर्कन यांची तपासणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. प्रत्येक भेटीच्या वेळी हवेच्या तापमानांतील फरक, विद्युत् दाब व प्रवाह यांची नोंद करून ठेवल्यास पुढील दोषनिदान सोपे होते. खोलीचे तापमान २४° से. च्या आसपास ठेवल्याने यंत्रावरील भार व विजेचा खर्च दोन्ही कमी होतात. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती वातानुकूलकांत हे तापमान मूळ मांडणी म्हणून ठेवणे १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक करण्यात आले.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तथापि या व्यवसायातील पुष्कळ कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. २०१९ च्या भारत शीतन कृती आराखड्यात एक लाख सेवा-तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. ज्वलनशील प्रशीतकांचा प्रसार होत असताना अनुभवाने आलेल्या हातोटीला मापनाची व सुरक्षिततेच्या नियमांची जोड मिळणे हे ग्राहकाच्या हिताइतकेच कारागिराच्या जिवाच्या दृष्टीनेही आवश्यक झाले आहे.